दहाव्याचा वस्तरा

संपादकांनी फोनवर सांगितलं, ‘‘तुमच्या छंदाविषयी लिहा.’’ मी जुने वस्तरे गोळा करतो, दुरुस्त करतो आणि कपाटात ठेवतो, म्हणून त्यांच्या लेखी तो छंद. बायकोच्या लेखी ती अडगळ. माझ्या लेखी तो पोटाचा धंदा होता. वस्तऱ्यांचा धंदा बसल्यावर जे हातात उरलं ते मी टाकून दिलं नाही, एवढीच काय ती हौस. तेव्हा छंदाविषयी गोड गोड वाचायला मिळेल म्हणून कुणी बसलं असेल, तर त्यानं हे पान उलटावं आणि पुढचं राशिभविष्य वाचावं.

जुन्नरच्या बाजारपेठेत आमचं धार लावायचं दुकान वडिलांच्या वेळेपासूनचं. विळे, कात्र्या, अडकित्ते, खाटकांच्या सुऱ्या, सगळं चाकावर व्हायचं. वस्तरा मात्र चाकावर धरायचा नाही. चाकावर पातं तापतं, पोलादाचं पाणी उतरतं आणि मग तो वस्तरा कांदा चिरायच्या लायकीचा राहतो. वस्तरा म्हणजे आता सलूनमध्ये दिसतो तो नव्हे. त्यात अर्धं ब्लेड अडकवतात, दाढी झाली की काढून फेकतात. तो ब्लेड धरायचा चिमटा आहे. खरा वस्तरा सबंध पोलादाचा. पाठ जाड, दोन्ही अंगांनी पोट खरवडून पोकळ केलेलं आणि धारेकडे येता येता इतकं पातळ, की अंगठ्याच्या नखावर टेकवून हलकं दाबलं तर धार लवते. तो पाजवायचा ओल्या दगडावर. पाठ आणि धार दोन्ही दगडाला टेकलेली ठेवून हलक्या हातानं सरकवत राहायचं. घाई झाली, पाठ जराशी उचलली गेली, की तासाभराचं काम वाया. मग चामड्याच्या पट्ट्यावर उलटासुलटा फिरवायचा आणि डोक्यातला एक केस उपटून, लोंबता धरून धारेवर सोडायचा. केस आवाज न करता तुटला तर काम झालं. माझ्या टकलाचं कारण लोक विचारतात, त्यांना मी हेच सांगतो.

नव्वद सालाच्या पुढे गावोगावी एड्सचे बोर्ड लागले. दवाखान्यावर, चावडीवर, एसटीच्या पाठीवर. दाढी करताना नवीन ब्लेड वापरा. बोर्ड लावले ते चुकलं, असं मी म्हणत नाही. त्यानं माणसं वाचली असतील. पण दोन-चार वर्षांत वस्तरा म्हणजे रोग, असं सगळ्यांच्या डोक्यात बसलं. जे न्हावी दर महिन्याला वस्तरा पाजवायला यायचे ते आता शेवटचे येऊ लागले. ‘‘युनूसभाई, हे घेता का तुमी? घरात नको म्हनत्यात पोरं.’’ पोरं शिकलेली, पोरांना बापाच्या हत्यारांच्या धोकटीची लाज. मी नाही म्हटलं असतं तर ते वस्तरे भंगारात जाणार, म्हणून मी घेत गेलो. अशी माझ्या ‘छंदा’ची सुरुवात.

मग मी स्वतःच फिरायला लागलो. आणे गावच्या पठारावर एका शेतकऱ्याकडे जर्मन वस्तरा आहे, असं कळलं म्हणून गेलो, तर गडी त्यानं बोरीची कलमं करत होता. वस्तरा द्या म्हटलं तर म्हणाला, ‘‘राव, ह्याच्यासारखा कलमाचा डोळा दुसऱ्या कशानं न्हाई निघत. तुमी न्हेऊन कंच्या झाडाला लावनार?’’ त्याला धार लावून दिली आणि हात हलवत परत आलो. घाटघरला एकानं ढोलाचं कातडं तासायला वस्तरा ठेवला होता. तो दिला त्यानं, पण त्याच्या मोबदल्यात तसाच नवा करून मागितला, आणि ‘तसाच नवा’ आता जगात कुठं मिळत नाही हे त्याला पटवता पटवता माझी शेवटची एसटी गेली.

गंजलेला वस्तरा आधी रॉकेलमध्ये भिजवायचा. नंतर पॉलिश पेपरनं, बोटाच्या टोकानं, एका दिशेनं घासायचा. गंज वरवरचा असेल तर निघतो. धारेत शिरलेला असेल तर तेवढी धार मागे घ्यावी लागते, पातं अरुंद होतं. पुढे दोन हजार सालानंतर पुण्या-मुंबईचे हौशी लोक यायला लागले. त्यांना वस्तरा आरशासारखा चकचकीत हवा असायचा. अशा चकाकीसाठी इतकं पोलाद घासावं लागतं, की त्यावरची कारखान्याची नाममुद्रा पुसून जाते, म्हणून मी नको म्हणायचो. ते म्हणायचे, ‘‘पण फोटो छान येतो.’’ प्रत्येक जण जाताना विचारायचा की तुमच्या संग्रहातला सगळ्यात मोलाचा कोणता. मी एखादा हस्तिदंती मुठीचा काढून दाखवायचो आणि वाटेला लावायचो. खरं उत्तर उभ्या उभ्या सांगण्यासारखं नव्हतं. ते इथे सांगतो.

शंकरनाना डिंगोऱ्याच्या पलीकडच्या एका गावचे न्हावी. गावाचं नाव लिहीत नाही, तिथल्या लोकांच्या कात्र्या अजून माझ्या मुलाकडे येतात. नाना माझ्यापेक्षा पंधरा-वीस वर्षांनी मोठे, अंगानं किरकोळ, बोलायला मोजके. त्यांच्याकडे वस्तऱ्यांची जोडी होती. एकाच पेटीतून आलेले दोन, काळ्या शिंगाच्या मुठीचे. नानांच्या वडिलांनी मुंबईला कुठल्याशा सलूनमध्ये काम करताना ते मिळवले होते. त्यातला एक रोजच्या कामाचा: दाढ्या, पोरांची जावळं, हळदीच्या आधी नवरदेवाची हजामत. दुसरा फक्त दहाव्याचा. घरात कुणी गेलं की दहाव्या दिवशी मुलं आणि भाऊबंद नदीवर डोकी आणि मिशा उतरवतात, त्या कामाचा.

हा दुसरा वस्तरा नाना घरात आणत नसत. तो गोठ्यात आढ्याला टांगलेला. माझ्याकडेसुद्धा तो वेगळ्या दिवशी, वेगळ्या फडक्यात यायचा. ‘‘युनूस, दगडाच्या मागल्या अंगावर घास रं बाबा,’’ नाना सांगायचे. मी मुसलमान माणूस, मला दहावा काय आणि हळद काय. पण गिऱ्हाइकाचा शब्द राखायचा असतो. माझ्या मोठ्या दगडाची मागची बाजू कायम नानांच्या दहाव्याच्या वस्तऱ्यासाठी राखीव होती. दुसऱ्या कुणाचं पातं मी तिला लावलं नाही.

ह्या दहाव्याच्या वस्तऱ्याची मूठ केव्हातरी तडकली होती आणि तिच्यावर तांब्याची तार गुंडाळलेली होती. त्यामुळे गावातली शेंबडी पोरंसुद्धा लांबून ओळखायची की हा दहाव्याचा, रोजचा नव्हे. एका उन्हाळ्यात ती मूठ पार फुटली. नाना वस्तरा घेऊन आले आणि पहिल्यांदाच त्यांनी हौसेचं काहीतरी मागितलं. ‘‘बापाची जोडी हाये. आता करतोयस तर दुसऱ्यावानीच कर. जोडी जोडीवानी दिसू दे.’’

मी म्हशीचं शिंग आणलं. शिंग उकळून मऊ करायचं, दोन फळ्यांत आवळून सपाट करायचं, मग सुकू द्यायचं. त्यात घाई चालत नाही, नाहीतर पुढे ते वाकडं होतं. नंतर करवतीनं कापून, कानशीनं आकार देऊन, राखेनं आणि तेलानं पॉलिश. त्या मुठीवर मी जेवढी मेहनत घेतली तेवढी घराच्या दारावर घेतली नाही. पाच-सहा आठवडे वस्तरा दुकानात पडून होता. काम झाल्यावर मी दोन्ही वस्तरे शेजारी ठेवले, तर कोणता कोणता ते मलाही क्षणभर कळेना. नाना खूश झाले. हात फिरवत नुसते हसत राहिले.

त्याच दिवसांत गावात एका बड्या घरी लग्न झालं होतं. घरचा कर्ता अण्णा, आणि त्याचा धाकटा भाऊ बबनराव. अण्णाच्या एकुलत्या एका मुलाची हळदीची हजामत नानांनी केली होती. लग्न झालं आणि अंगावरची हळद उतरायच्या आत तो पोरगा विहिरीवर मोटार चालू करायला गेला आणि शॉक लागून जागेवर गेला. दहाव्याला नाना नदीवर गेले. नवी मूठ लावलेला वस्तरा त्यांनी फडक्यातून काढला आणि अण्णाचं डोकं करायला घेतलं. तेवढ्यात बबनराव मोठ्यानं म्हणाला, ‘‘थांब. ह्योच वस्तरा हळदीला पोराच्या गालाला लावला व्हता ह्यानं. म्या बघितलाय. मेल्याचा वस्तरा नवरदेवाला लावला.’’

नानांनी सांगून पाहिलं की हा वेगळा, तो वेगळा. पण तांब्याची तार आता कुठे होती? माझं काम चांगलं झालं होतं, हेच वाईट झालं.

गावानं ठराव केला नाही, बैठक बोलावली नाही. नुसतं दुसऱ्या दिवसापासून नानांसमोर कुणी बसेना. बायका पोरांना घेऊन वाट बदलून जायला लागल्या. सुगीला प्रत्येक घरातून नानांना धान्य यायचं, ते यंदा येणार नाही हे न बोलता ठरलं. पण नानांना टोचलं ते धान्य नव्हे. त्या गावातल्या निम्म्या माणसांचं पहिलं जावळ त्यांनी काढलेलं. नाना दोन्ही वस्तरे घेऊन माझ्याकडे आले. ह्या वेळी दोन्ही एकाच फडक्यात होते. तेवढ्यावरून मला कळलं की काहीतरी भयंकर झालंय.

‘‘लगनाच्या टायमाला ह्यो तुझ्याकडं व्हता का न्हाई?’’

‘‘होता. मूठसुद्धा नव्हती त्याला.’’

‘‘मंग तेवढं येऊन सांग. माझं कुनी ऐकंना. मला गावात तोंड दाखवता येईल असं कायतरी कर, युनूस.’’

मी गेलो. सोसायटीच्या ओट्यावर माणसं जमली होती. अण्णा भिंतीला टेकून बसला होता, माझ्याकडे बघत नव्हता. मी सगळं सांगितलं. शिंग कधी आणलं, मूठ कधी झाली, नाना वस्तरा कधी घेऊन गेले. लग्नाच्या दिवशी दहाव्याचा वस्तरा जुन्नरला माझ्या दुकानात होता, नुसतं पातं, हातात धरता येणार नाही असं. बोलता बोलता मला माणसांच्या चेहऱ्यावर दिसलं की पटतंय. एक म्हातारा तर ‘‘आसं हाय व्हय’’ असं म्हणालासुद्धा.

बबनरावानं शांतपणे विचारलं, ‘‘म्हंजी लगनाच्या आधीपासनं ह्यो तुझ्याकडंच व्हता?’’

‘‘हो. चांगले पाच-सहा आठवडे.’’

‘‘मंग लगनाच्या आदुगर खालच्या आळीतल्या म्हातारीचा दहावा झाला, तो नानानं कशानं केला?’’

मला तर ती म्हातारी गेल्याचंच ठाऊक नव्हतं. मी नानांकडे पाहिलं. नाना म्हणाले, ‘‘माझा चांगला वस्तरा नदीवर नेला न्हाई म्या. ओतूरहून सुनीलचा आनला व्हता. काम झालं की त्याला परत दिला.’’

सुनील म्हणजे नानांच्या थोरल्या भावाचा मुलगा. बाप लहानपणीच गेला, नानांनीच त्याला हात धरून शिकवलेला. ओतूरला त्याचं सलून होतं, आरसे, फिरत्या खुर्च्या, सिनेमाच्या नट्या भिंतीवर. तो ब्लेड वापरायचा. शिकताना नानांनी घेऊन दिलेला पांढऱ्या मुठीचा जुना वस्तरा त्याच्याकडे नुसता पडून होता. गोष्ट सोपी होती. सुनीलनं येऊन ‘हो, मी दिला होता’ एवढं म्हणायचं आणि नाना मोकळे. मी आणि नाना तसेच जीपनं ओतूरला गेलो.

सुनीलनं आम्हाला मागच्या खोलीत नेलं. चहा मागवला. सगळं ऐकून घेतलं आणि मान खाली घालून म्हणाला, ‘‘नाना, मला नका ओढू ह्याच्यात. माझ्या दुकानातलं हत्यार दहाव्याला गेलं आनि परत दुकानात आलं, ह्ये कळल्यावर माझ्या खुर्चीत कोन बसंल?’’

‘‘तू फकस्त खरं सांग,’’ नाना म्हणाले.

‘‘खरं सांगून माझं दुकान जाईल. तुमचं काय, तुमचं वय झालं.’’

नाना उठले. चहा तसाच राहिला. दोन दिवसांनी बबनरावाचा माणूस सुनीलला विचारायला गेला, तेव्हा सुनीलनं सांगितलं की आपल्याला यातलं काही माहीत नाही. झालं. नानांचं बोलणं खोटं ठरलं, आणि माझी साक्ष त्यांच्या गळ्यात अडकली. चांगला वस्तरा नदीवर नेऊन तोच नवरदेवाला लावला, हे मी स्वतः तिथे जाऊन सिद्ध करून दिलं, असं लोक म्हणायला लागले. मी गेलो नसतो तर निदान संशय तरी राहिला असता.

नाना मंचरला मुलीकडे राहायला गेले. जाताना जोडी माझ्या दुकानात ठेवून गेले. पुन्हा त्यांनी हत्यार हातात धरलं नाही. मी मंचरच्या बाजाराला गेलो की त्यांना भेटायचो. मुलगी भाकरी वाढायची, जावई बरा होता, कशाला कमी नव्हतं. नाना ओट्यावर बसलेले असायचे आणि पहिला प्रश्न एकच, ‘‘गावात काय म्हनत्यात?’’ त्यांना परत जायचं नव्हतं असं ते म्हणायचे. पण गावात त्यांचं नाव साफ झालं का, हे त्यांना कळायला हवं होतं. मी दर वेळी काहीतरी सांगून वेळ मारून नेई.

अशी बरीच वर्षं गेली. मोबाइल आले, सगळीकडे ब्लेड झालं. एकदा त्या गावात कुणाकडे जुना वस्तरा आहे म्हणून गेलो होतो. तो निघाला स्टेनलेसचा, टाकाऊ. परतीची गाडी यायला वेळ होता, दाढी वाढली होती, म्हणून स्टँडजवळच्या नव्या सलूनमध्ये शिरलो. आत सुनील. ओतूरचं दुकान होतंच, ही दुसरी शाखा. नानांच्या गावात.

त्यानं मला ओळखलं. मी खुर्चीत बसलो. त्यानं फेस लावला, ब्लेड मोडून अर्धं चिमट्यात घातलं. दुकानात तिसरं कुणी नव्हतं. एक गाल झाल्यावर मी विचारलं, ‘‘दहाव्यांना कोण जातं आता?’’

‘‘मीच जातो.’’

‘‘आणि हळदीला?’’

‘‘मीच. ब्लेड नवं टाकतो ना, चाचा.’’

‘‘आणि हा दांडा?’’

तो थांबला. हातातल्या वस्तऱ्याकडे बघितलं आणि माझ्या हनुवटीखाली परत लावला. मग हलक्या आवाजात बोलायला लागला, मी काही विचारलं नव्हतं तरी. ‘‘म्या दिला व्हता त्यो वस्तरा. तुमाला ठावंच हाय. पर चाचा, म्या न्हाई म्हनलो म्हनून नाना गाव सोडून गेले, आसं न्हाई. समद्यांना म्हाईत व्हतं. त्या म्हातारीच्या पोरांनी डोकी करून घेताना पांढरी मूठ बघितली व्हती. बबनराव नदीवर बोलला, त्याच दिशी त्यांनी अण्णाला जाऊन सांगितलं.’’

‘‘मग?’’

‘‘मंग काय. मोटारीची वायर बबनरावानं जोडली व्हती. उघडी ठिवली, चिकटपट्टीबी न्हाई लावली. गावात पयल्या दिशी त्येच बोललं जात व्हतं. भावाभावात कुऱ्हाडी निघाल्या असत्या. मंग त्यानं वस्तऱ्याचं काढलं, आनि अण्णानं त्येच धरून ठिवलं. गाव गप बसलं. एका न्हाव्यापायी त्या घरात कोन पडंल?’’

म्हणजे मी त्या ओट्यावर शिंग, मूठ आणि आठवडे मोजून सांगत होतो, तेव्हा समोर बसलेल्या प्रत्येकाला खरं ठाऊक होतं. ‘आसं हाय व्हय’ म्हणणाऱ्या म्हाताऱ्यालासुद्धा. इतकी वर्षं मी समजत होतो की माझं बोलणं कमी पडलं. दाढीची दुसरी बाजू व्हायची होती. मी तसाच तोंडाला फेस असताना उठायला पाहिजे होतं, पण उठलो नाही. दुसरा गाल करून घेतला. हात चांगला होता त्याचा, नानांचाच हात. पैसे तो घेईना, ते मी आरशाखालच्या फळीवर ठेवले आणि बाहेर आलो.

त्याच आठवड्यात मंचरला गेलो. नाना फार थकले होते, ओट्यावर भिंतीला टेकून बसले होते. मुलगी आत भांडी घासत होती. मी बसेपर्यंत त्यांचा प्रश्न आलाच, ‘‘गावात काय म्हनत्यात?’’

काय सांगणार होतो? तुम्ही निर्दोष आहात हे गावाला कळलं, असं म्हणावं तर ते गावाला त्याच वेळी कळलं होतं. मी म्हणालो, ‘‘कुणी काही म्हणत नाही, नाना. विसरले सगळे.’’

नानांनी माझ्याकडे पाहिलं. चेहरा एकदम मोकळा झाला, मूठ झाल्यावर हसले होते तसे हसले, आणि जमिनीवर हात टेकून उठायला लागले.

‘‘मंग आता गावाला जाऊ का मी?’’

मी म्हणालो, ‘‘ऊन उतरू द्या जरा.’’ ते परत खाली बसले. ऊन उतरायच्या आत मी निघून आलो.